मोतीबिंदूसाठी ‘इमेज गायडेड लेझर’ घ्यावं का?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. आईंचं वय ६८. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. मधुमेह आहे, पण साखर आटोक्यात आहे. चष्म्यात बऱ्याच वर्षांपासून सिलिंड्रिकल नंबर आहे, साधारण २. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले: साधी फेको (मोतीबिंदू सुईने आतल्या आत फोडून काढायचं नेहमीचं बिनटाक्याचं ऑपरेशन), ‘इमेज गायडेड’ फेको आणि ‘इमेज गायडेड लेझर’. माहितीपत्रकात लेझरच्या पुढे ‘ब्लेडविरहित’, ‘संगणकनियंत्रित’, ‘अचूक’ असे शब्द आहेत. तुमच्या भावाचा चष्मा लेझरनेच गेला, त्यामुळे लेझर म्हणजे चांगलंच असणार असं घरात सगळ्यांना वाटतंय. आणि लेझर नाही घेतलं तर आईंच्या नजरेत काही उणं राहील का, ही तुमची खरी धास्ती आहे.

धास्तीचं उत्तर आधी देतो. फेको उत्तम करणारा सर्जन असेल, तर केवळ लेझर घेतलं नाही म्हणून आईंना कमी दिसेल असं मला वाटत नाही. मात्र तुम्ही लिहिलेला सिलिंड्रिकल नंबर महत्त्वाचा आहे. त्यामुळे मधला पर्याय, म्हणजे लेझरशिवायचं इमेज गायडन्स (डोळ्याच्या फोटोवरून लेन्स नेमक्या दिशेत बसवण्याची सोय), तुमच्या बाबतीत जास्त विचार करण्यासारखा आहे. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच. पण मी हे कशावरून म्हणतो ते नीट सांगतो, म्हणजे त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

सुरुवात ‘लेझर’ या शब्दापासून करावी लागेल, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक घरांत गोंधळ इथेच असतो. बिनटाक्याच्या ऑपरेशनला लोक सर्रास ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात. ती असते फेको, आणि फेकोत लेझर नसतं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ही पद्धत आणली. सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरणारी एक पोकळ सुई दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत घालतात. मोतीबिंदूचा तिथल्या तिथे चुरा होतो आणि त्याच सुईतून तो ओढून घेतला जातो. काम ध्वनिलहरींचं असतं, प्रकाशाचं नाही.

दुसरं आहे याग लेझर. मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कृत्रिम भिंगामागचं आवरण धुरकट झालं, तर त्याला मधोमध खिडकी पाडायला ते वापरतात. ओपीडीत बसल्या जागी काही मिनिटांत होतं. त्याचा आताच्या निर्णयाशी संबंध नाही.

भावाचा चष्मा ज्याने गेला ते एक्झायमर लेझर. १९३ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी ते कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार बदलतं. त्याआधी बहुतेक वेळा कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलावा लागतो, आणि तो कापायला बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेझर वापरतात. तुम्हाला आता सांगितलेलं मोतीबिंदूचं लेझर याच फेम्टोसेकंद घराण्यातलं आहे. तेव्हा भावाचं आणि आईंचं लेझर नात्यातलं आहे, पण काम अगदी वेगळं.

फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले तर त्यातला एक. अशा काहीशे फेम्टोसेकंदांत अवरक्त प्रकाशाचा एक स्पंद एका बिंदूवर एकवटतो. त्या बिंदूवरची ऊती क्षणात विरते, सूक्ष्म बुडबुडा तयार होतो आणि ऊतीचे थर एकमेकांपासून सुटतात. आजूबाजूला उष्णता जवळजवळ पोचत नाही. असे हजारो बिंदू शेजारीशेजारी मारले की छेद तयार होतो. प्रकाश कॉर्नियातून आरपार जातो आणि कापतो ते मात्र जिथे एकवटतो तिथेच. म्हणून बाहेरून काहीही न घालता डोळ्याच्या आतला भाग कापता येतो.

आता ‘इमेज गायडेड’ का लागतं ते बघा. चष्म्याच्या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. यंत्राची काच त्यावर टेकवली की त्या काचेपासून खोली मोजता येते. मोतीबिंदूत काम चालतं कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागापासून सात-आठ मिलिमीटर आतपर्यंत. तिथे प्रत्येकाचं नैसर्गिक भिंग (तेच धुरकट झालं की मोतीबिंदू) वेगळ्या जाडीचं, वेगळ्या खोलीवर आणि बऱ्याचदा किंचित तिरपं असतं. त्याच्यामागे जे आवरण आहे ते मध्यभागी फक्त ४ मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा. ते फाटलं तर भिंगामागची जेली पुढे येते आणि सरळ चाललेलं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. म्हणून न बघता लेझर मारणं शक्यच नाही. बहुतेक यंत्रांमध्ये यासाठी ओसीटी वापरतात. प्रकाशाच्या परावर्तनावरून ऊतींचा आडवा छेद दाखवणारं हे तंत्र १९९१ मध्ये जगापुढे आलं. एखाद्या यंत्रात निराळ्या प्रकारचा त्रिमितीय कॅमेरा असतो, पण उद्देश तोच.

यंत्राच्या पडद्यावर सर्जनला काय दिसतं ते सांगतो. डोळा यंत्राला जोडला की काही सेकंदांत छेदचित्र उमटतं. वर कॉर्नियाची कमान, तिच्याखाली काळी पोकळी, मग दोन्ही बाजूंनी आत आलेल्या बुबुळाच्या कडा आणि त्यांच्यामध्ये भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागाची उजळ रेघ. त्याखाली मोतीबिंदूचा करडा गाभा आणि तळाशी मागच्या आवरणाची रेघ. यंत्र या रेघा आपोआप ओळखून त्यांवर रंगीत खुणा आखतं. पण मी त्या खुणांवर विसंबत नाही. प्रत्येक रेघ डोळ्याने तपासतो, विशेषतः मागची, कारण मोतीबिंदू दाट असेल तर ती पुसट दिसते आणि यंत्र भलतीच सावली आवरण समजू शकतं. मागच्या आवरणापासून साधारण अर्धा मिलिमीटर जागा राखून तुकडे पाडायचे असतात. भिंग तिरपं असेल तर एका बाजूची जागा आणखी कमी होते, ती हाताने वाढवावी लागते. हे सगळं पटलं की मगच पाय पेडलवर जातो.

मग लेझर सहसा तीन कामं करतं. भिंगाच्या पुढच्या आवरणात साधारण ५ मिलिमीटर व्यासाची गोल खिडकी कापतं. आतल्या मोतीबिंदूच्या फाका किंवा चौकोनी तुकडे करतं. आणि ठरवलं असेल तर कॉर्नियावरचे छेद घेतं: आत जायचा मुख्य छेद, शेजारचा छोटा छेद, आणि थोडा सिलिंड्रिकल नंबर कमी करण्यासाठी कडेचे कमानदार छेद. कापणं नेहमी खालून वर होतं, कारण वरून सुरुवात केली तर बुडबुड्यांमुळे खालचा भाग झाकला जातो. प्रत्यक्ष लेझर चालतं ते मिनिटभरसुद्धा नाही. जास्त वेळ जातो डोळा नीट जोडण्यात.

आणि मग पुढचं ऑपरेशन हातानेच करायचं असतं. हे माहितीपत्रकात बहुधा ठळक नसतं. लेझरने छेद घेतले तरी ते बोथट अवजाराने उघडावे लागतात. खिडकीचा कापलेला गोल तुकडा पूर्ण सुटलाय का, की कुठे एखादा धागा अडकलाय, हे मायक्रोस्कोपखाली बघून तो अलगद काढावा लागतो. तो ओढला आणि कुठे बारीक जोड राहिला असेल तर कडेला फाटा जातो. पाणी सोडून मोतीबिंदू सैल करताना आतल्या बुडबुड्यांमुळे दाब वाढू शकतो, म्हणून आधी वायूला वाट करून द्यायची आणि पाणी हळू सोडायचं. त्यानंतर तुकडे फेकोच्याच सुईने बाहेर काढायचे, आवरण साफ करायचं, भिंग बसवायचं. म्हणजे लेझर घेतलं तरी फेको असतेच. लेझर फेकोच्या जागी येत नाही, फेकोच्या आधीचे दोन-तीन टप्पे करून देतं. ‘ब्लेडविरहित’ हे त्या टप्प्यांपुरतं खरं आहे.

मग हे टप्पे लेझरने केल्याने रुग्णाला जास्त चांगलं दिसतं का? मोतीबिंदूसाठी माणसावर फेम्टोसेकंद लेझर पहिल्यांदा वापरलं ते झोल्टान नागी यांनी, बुडापेस्टमध्ये २००८ साली. त्यानंतर आम्हा सर्जनांमध्ये बराच उत्साह होता आणि तो अकारण नव्हता. लेझरची खिडकी हाताने केलेल्या खिडकीपेक्षा जास्त गोल येते, ठरवलेल्या मापाची येते, तुकडे आधीच पडल्यामुळे फेकोची ऊर्जा कमी लागते. हे मी रोज बघतो आणि त्यात शंका नाही.

पण मोठ्या चाचण्यांत हा फरक रुग्णाच्या नजरेपर्यंत पोचलेला दिसला नाही. फ्रान्समध्ये पाच विद्यापीठ रुग्णालयांत फेमकॅट नावाची चाचणी झाली, ९०९ रुग्णांवर, आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथे यशाची व्याख्या कडक होती: गुंतागुंत, नजर, उरलेला नंबर आणि कॉर्नियाच्या वक्रतेत झालेला बदल या चारही कसोट्या एकदम उतरल्या पाहिजेत. लेझरच्या गटात ४१.१ टक्के डोळे उतरले, साध्या फेकोच्या गटात ४३.६ टक्के. म्हणजे लेझर वरचढ ठरलं नाही. ब्रिटनमध्ये ७८५ रुग्णांवर झालेली फॅक्ट ही चाचणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी बिनचष्म्याची नजर दोन्ही गटांत जवळजवळ सारखी होती. मागचं आवरण फाटण्याच्या घटना तिथे साध्या फेकोच्या गटात दोन आणि लेझरच्या गटात एकही नाही. लेझरच्या बाजूने ही गोष्ट नोंदवायला हवी, पण एवढ्या लहान आकड्यांवरून मी त्याला सुरक्षिततेचा पुरावा म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळातल्या एका अभ्यासात तर पुढच्या आवरणाला फाटा जाण्याचं प्रमाण लेझरमध्येच जास्त दिसलं होतं.

असं का होतं, याचं माझं स्पष्टीकरण साधं आहे. लेझर जे टप्पे सुधारतं ते अनुभवी हातात आधीच चांगले होत असतात. ऑपरेशननंतर कोणी नाराज असेल तर त्याची कारणं सहसा दुसरीकडे सापडतात: लेन्सची पॉवर थोडी चुकली, सिलिंड्रिकल नंबर उरला, डोळा कोरडा आहे, किंवा डोळ्यामागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार आधीपासून होता. यातलं काहीही फेम्टोसेकंद लेझरने बरं होत नाही.

तरी काही डोळ्यांत मी स्वतः लेझर सुचवतो. भिंगाला धरून ठेवणारे तंतू कमकुवत असतील, जसे जुन्या माराने किंवा मार्फन सिंड्रोम या जन्मजात आजारात होतात, तर हाताने खिडकी करताना भिंग हलतं. लेझर भिंगाला न ओढता खिडकी कापतं. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी कमी असतील, उदाहरणार्थ फुक्स डिस्ट्रॉफीत, तर या पेशींना ध्वनिलहरींचा जितका कमी मार बसेल तितका बरा, आणि मोतीबिंदू घट्ट असेल तर आधी पडलेले तुकडे उपयोगी पडतात. याबद्दलचे पुरावे एकमुखी नाहीत, पण मला तो विचार पटतो. पिकून फुगलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूत आतला दाब इतका असतो की आवरणाला टोक लावताच ते दोन बाजूंना फाटू शकतं. तिथेही लेझरची खिडकी कामाला येते, मात्र दुधाळ द्रव बाहेर येऊन प्रकाश अडतो आणि खिडकी अर्धवट राहण्याची शक्यताही वाढते. अशा डोळ्यात गाभ्याचे तुकडे लेझरने पाडता येत नाहीत, कारण प्रकाशच आत जात नाही आणि मागची रेघ दिसत नाही. हे सांगतो कारण ‘मोतीबिंदू फार पिकलाय म्हणून लेझर घ्या’ असं कोणी म्हणालं, तर ते नक्की कोणत्या टप्प्यासाठी म्हणतायत हे विचारायला हवं.

उलट काही डोळ्यांत लेझर टाळतो. औषधाचे थेंब घालूनही बाहुली नीट मोठी होत नसेल, तर बुबुळाच्या आडचं लेझरला कापता येत नाही. तुमच्या आईंना मधुमेह आहे आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात बाहुली कमी उघडते, म्हणून हे मुद्दाम विचारा. (घरातल्या पुरुषांसाठी एक सूचना: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन कधीही घेतलं असेल तर मोतीबिंदूच्या सर्जनला आधी सांगा. बुबुळ ढिलं पडतं आणि बाहुली ऑपरेशनमध्येच लहान होते.) कॉर्नियावर डाग असेल, त्यावर मांस चढलेलं असेल, डोळे खूप खोल किंवा फट अरुंद असेल, तर यंत्र नीट बसत नाही किंवा प्रकाश विखुरतो. उतारवयात कॉर्नियाच्या कडेला पांढुरकं वर्तुळ येतं, ते निरुपद्रवी असलं तरी तिथले लेझरचे छेद अपुरे राहू शकतात. डोळा जोडताना निर्वात दाबाने धरतात आणि डोळ्यातला दाब तेवढ्यापुरता वाढतो. बहुतेकांना त्याचं काही नाही, पण काचबिंदू पुढे गेलेला असेल किंवा काचबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर मी तो दाब पडू देत नाही. मान थरथरत असेल, सरळ पाठीवर झोपता येत नसेल, सूचना ऐकू येत नसतील, तरी साधी फेकोच बरी.

शिवाय लेझरमुळे डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारं रसायन वाढतं आणि बाहुली आकसू लागते. म्हणून आधी सूजविरोधी थेंब घालतात आणि लेझर झाल्यावर रुग्णाला फार वेळ न थांबवता पुढच्या टेबलावर घेतात. लेझरची खोली आणि ऑपरेशन थिएटर यांच्यात किती अंतर आहे, मध्ये किती रुग्णांची रांग असते, हे विचारायला संकोच करू नका.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय त्याकडे येतो: सिलिंड्रिकल नंबर आणि लेझरशिवायचं इमेज गायडन्स.

सिलिंड्रिकल नंबर म्हणजे डोळ्याची काच सगळ्या दिशांना सारखी वळलेली नाही. मोतीबिंदूबरोबर तो घालवायचा असेल तर टोरिक लेन्स बसवतात. या लेन्सला अक्ष असतो आणि तो कॉर्नियाच्या अक्षाशी जुळवावा लागतो. प्रत्येक अंशाच्या चुकीला सुमारे ३.३ टक्के परिणाम वाया जातो. १० अंश चुकलं तर एक तृतीयांश गेला, ३० अंश चुकलं तर टोरिक लेन्स घातल्याचा उपयोगच उरला नाही. अडचण अशी की माणूस बसलेला असताना आणि झोपलेला असताना डोळा खोबणीत थोडा फिरतो, बहुधा दोन-चार अंश, कधी त्याहून बराच जास्त. मोजमाप बसून घेतलेलं असतं, ऑपरेशन झोपून होतं.

जुनी पद्धत म्हणजे रुग्णाला बसवून बुबुळाच्या कडेला शाईने खूण करायची. ती चांगली केली तर चांगलीच चालते. पण पापण्या मिटल्या की शाई पसरते, आणि बुबुळाच्या परिघावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जवळपास ५ अंश. इमेज गायडन्समध्ये बसलेल्या अवस्थेत डोळ्याचा स्पष्ट फोटो घेतात. पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्यांची आणि बुबुळाच्या पोताची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. ऑपरेशनच्या वेळी यंत्र ती ओळखून मायक्रोस्कोपमधल्या दृश्यावर अक्षाची रेघ आखतं, आणि डोळा हलला तर रेघही हलते. सर्जन लेन्सवरच्या ठिपक्यांची रांग त्या रेघेवर आणून ठेवतो. याला लेझरची गरज नाही. तुम्हाला सांगितलेला मधला पर्याय बहुधा हाच असावा. ‘इमेज गायडेड फेको म्हणजे टोरिक लेन्सचा अक्ष जुळवण्याची सोय का?’ असं विचारून खात्री करा. टोरिक लेन्स बसवायचीच नसेल, तर या सोयीतून आईंना मिळणारा फायदा फार कमी होतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच घरांना ठाऊक नसते. चष्म्यातला सिलिंड्रिकल नंबर २ आहे याचा अर्थ कॉर्नियातही २ आहे असा नाही. त्यातला काही वाटा डोळ्याच्या स्वतःच्या भिंगाचा असू शकतो, आणि ते भिंग तर आपण काढूनच टाकतो. कधी चष्म्यात २ असतो आणि कॉर्नियात अर्धा. कधी उलट, चष्म्यात काही नाही आणि कॉर्नियात दीड. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचाही यात वाटा असतो. त्यामुळे टोरिक लेन्सचा निर्णय चष्म्याच्या कागदावरून होत नाही, केराटोमेट्री (कॉर्नियाची वक्रता मोजणं) आणि टोपोग्राफी (त्या वक्रतेचा नकाशा) यांवरून होतो. आईंच्या कॉर्नियात एकच्या आतला नंबर निघाला तर लेझरचे किंवा हाताचे कमानदार छेद हा एक मार्ग आहे. दीड-दोन निघाला तर मी टोरिक लेन्सकडेच वळेन, कारण छेद प्रत्येकाच्या कॉर्नियात थोडे वेगळे भरून येतात आणि मोठ्या नंबरासाठी त्यांचा अंदाज बांधणं कठीण जातं.

मोजमापाबद्दल मी जरा आग्रही आहे. डोळ्याची लांबी मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो, म्हणजे दहाव्या हिश्श्याची चूकही पाव नंबरएवढी. प्रकाशाने लांबी मोजणारी आजची यंत्रं त्याहून खूप अचूक आहेत, पण त्यांना डोळ्याचा पृष्ठभाग ओला आणि गुळगुळीत लागतो. कोरड्या डोळ्यात केराटोमेट्रीचे आकडे दर वेळी बदलतात. मी अशा रुग्णाला काही आठवडे कृत्रिम अश्रूंचे थेंब देतो, पापण्यांचा उपचार करतो आणि मग पुन्हा मोजतो. दोन वेळचे आकडे जुळेपर्यंत टोरिक लेन्स ठरवत नाही. रुग्णाला हा उशीर कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या कामात नजरेच्या निकालावर इतका परिणाम करणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत.

आणि मधुमेहामुळे पडद्याची ओसीटी तपासणी आईंना आवर्जून करून घ्या. पडद्याच्या मध्यावर थोडी सूज असेल तर ती मोतीबिंदूआडून साध्या तपासणीत निसटू शकते. सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार करावा लागतो, नाहीतर ऑपरेशननंतर ती वाढते आणि दोष मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लागतो. पडदा खराब असेल तर अनेक अंतरांची मल्टिफोकल लेन्स मी सुचवत नाही. एका अंतराची, गरज असल्यास टोरिक, एवढंच पुरे.

तरीही तुम्ही लेझर निवडलंत, तर आईंना आधी सांगून ठेवा की त्यांना काय जाणवेल. थेंबांची भूल दिलेली असते, दुखत नाही. डोळ्यावर काचेचं किंवा द्रवाने भरलेलं साधन टेकतं, दाबल्यासारखं वाटतं, दिवे दिसतात आणि क्षणभर अंधारून येऊ शकतं. तेवढा वेळ मान हलवायची नाही, बोलायचं नाही, आणि खोकला येतोय असं वाटलं तर आधीच सांगायचं. निर्वात पकड सुटली तर यंत्र थांबतं आणि सर्जन पुन्हा जोडतो किंवा पुढचं हाताने करतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लाल चट्टा दिसला तर तो त्या पकडीचा असतो, एक-दोन आठवड्यांत जातो. दुखणं वाढलं, नजर कमी होत गेली, लाली पसरली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आईंच्या बाबतीत मी सर्जनशी बोलताना असं विचारलं असतं: कॉर्नियातला सिलिंड्रिकल नंबर किती आला आणि तो दोन वेगळ्या यंत्रांवर जुळला का? टोरिक लेन्सची गरज आहे का, आणि असेल तर अक्ष कसा जुळवणार? पडद्याच्या ओसीटीत काय दिसलं? बाहुली किती उघडते? आणि लेझर सुचवत असाल तर या डोळ्यात असं काय दिसलं ज्यासाठी ते हवं? शेवटच्या प्रश्नाला ‘कॉर्नियाच्या पेशी कमी आहेत’ किंवा ‘भिंग सैल आहे’ असं उत्तर आलं तर ते गंभीरपणे घ्या, मीही तेच सुचवलं असतं. ‘नवं तंत्रज्ञान आहे, सगळे घेतात’ एवढंच उत्तर आलं, तर तो खर्च टोरिक लेन्सकडे वळवण्याचा विचार करा. आणि ज्यांच्या हातून ऑपरेशन होणार आहे त्यांना साध्या फेकोची सवय किती आहे हेही विचारा, कारण लेझर ऐन वेळी बंद पडलं किंवा डोळा जोडला गेला नाही तर त्याच हातांनी सगळं पार पडायचं असतं.

दोन्ही डोळ्यांचे निर्णय एकाच दिवशी घ्यायची घाई करू नका. उजवा डोळा आधी होईल. साधारण चार आठवड्यांत त्याचा नंबर स्थिर होतो आणि तेव्हा ठरवलेल्या नंबरापेक्षा तो किती वेगळा आला ते कळतं. डाव्या डोळ्याच्या लेन्सची पॉवर ठरवताना सर्जनला हा फरक उपयोगी पडतो. म्हणून उजव्या डोळ्याच्या मोजमापाचा कागद, बसवलेल्या लेन्सचं कार्ड आणि नंतर निघालेला नंबर, तिन्ही जपून ठेवा आणि डाव्या डोळ्याच्या तपासणीला सोबत न्या.